पॉइंटांवरचा बट्टा

आजोबा रायपूरच्या तात्यापाऱ्यातून रोज पायी सदर बाजारात जायचे. तिथे एका सराफाकडे ते मुनीम होते. जुन्या नाण्यांच्या गोष्टी त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या. अंकुशी, चांदवडी, हैदराबादचा हाली सिक्का, असे नाना रुपये एकेकाळी चालत. एका मुलखातला रुपया दुसरीकडे नेला की सराफ तो पारखून बट्टा कापायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकाच वजनाचा रुपया पाडायला घेतला आणि हा व्यवहार हळूहळू आटत गेला. बट्टा हा शब्द मी आजोबांकडून शिकलो. विमानाच्या पॉइंटांचा हिशोब मांडताना तोच मला उपयोगी पडला.

मी पोलादाच्या एका कारखान्यात हिशोबनीस होतो. कामासाठी रायपूरच्या माना विमानतळावरून मुंबईला वारंवार जावं लागे. हवाई अंतर सहाशे मैलांना जरा कमी. प्रत्येक फेरी मी लाल पुठ्ठ्याच्या वहीत टिपायचो: तारीख, मार्ग, जमा, शिल्लक. तेव्हा पॉइंटांच्या जमेचा हिशोब मुख्यतः अंतराचा होता. त्या पॉइंटांसाठी माझ्या मनात एकच बेत होता. पुण्याला जाताना आई जन्मभर आझाद हिंद एक्सप्रेसनेच गेली, तिला एकदा तरी विमानात खिडकीशी बसवायचं.

प्रवासाच्या मैलांवर फुकट तिकीट द्यायची ही पद्धत अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ला सुरू केली. आपल्याकडे १९९४ मध्ये जेट प्रिव्हिलेज आणि एअर इंडियाचं फ्लाइंग रिटर्न्स आलं. दर बदलायचं दुखणं मात्र पहिल्यापासूनचं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये जुन्या मैलांवरही नवी बंधनं घातली, तेव्हा ग्राहक कोर्टात गेले आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९९५ मध्ये निकाल लागला: करार मोडल्याचा दावा लावता येईल, पण राज्याच्या ग्राहक कायद्याचा आधार घेता येणार नाही. त्याच वर्षी तिकडे देशांतर्गत फुकट तिकिटाचा दर २०,००० मैलांवरून २५,०००वर गेला. खात्यातला आकडा होता तसाच राहिला आणि पाचवा हिस्सा गेला. आजोबांच्या सराफाने निदान समोर बसवून, नाणं वाजवून बट्टा सांगितला असता.

माझंही तसंच झालं. कंपनीचं नाव घेत नाही. तिकिटापुरते पॉइंट जमले म्हणून फोन केला, तर दर वाढलेला. शिवाय कर आणि इंधन अधिभार रोख भरायचा. आणखी फेऱ्या होतील, मग काढू, असं म्हणत मी थांबलो. वर्षभराने पाहिलं तर जुन्या पॉइंटांची मुदत संपलेली. वहीत त्या रकमेवर रेघ मारून पुढे ‘बाद’ लिहिलं. हिशोबनिसाला मुदत ठाऊक असायला हवी होती, ही बोच अजून आहे.

पुढे तर कंपन्याच गेल्या. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लबचे पॉइंट घेऊन बसायला विमानच उरलं नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली. तिची पॉइंटांची कंपनी वेगळी असल्याने ती जगली आणि इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तिचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबकडे गेले. त्याच वर्षी एप्रिलपासून एअर इंडियाने मैल सोडून खर्च केलेल्या रुपयांवर पॉइंट द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या हे २०१५-१६ मध्येच करून बसल्या होत्या. म्हणजे स्वस्त तिकिटावर लांब जाणाऱ्याची जमा घटली, महाग तिकीटवाल्याची वाढली. मला हे अन्यायाचं वाटतं.

आईचं तिकीट मी शेवटी रोखीने काढलं. विमान वर चढेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मग खिडकीला कपाळ टेकवलं ते मुंबई येईपर्यंत.

तुमच्या खात्यात पॉइंट असतील तर आजच मुदत बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तिकीट काढून टाका.