चारी चाकांना जोर हवा का?

मोटारीला चाके चार असतात हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्यांतली गाडी ढकलतात किती, हे मात्र पुष्कळ मोटारवाल्यांनाही ठाऊक नसते. ठाणे-कल्याणच्या परिसरात या प्रश्नाचा इतिहास चांगला वाचता येतो.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, म्हणजे पुढे 'पद्मिनी' झालेली गाडी, मागच्या चाकांवर चाले. एंजिन पुढे, तिथून लांब दांडा मागे. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, मागची चाके रस्ता घट्ट धरतात. डांबरी रस्त्यावर एवढे पुरे होई.

पण मुरबाड-शहापूरकडच्या कच्च्या वाटेवर, पावसाळ्यात? मागचे एक चाक गाळात रुतले की एंजिनाचा जोर त्या मोकळ्या चाकातूनच वाया जातो. चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. तिथे उपयोगी पडली जीप. १९४१ साली अमेरिकन सैन्यासाठी घडलेल्या या गाडीची जुळणी १९४७च्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली. तिची पुढची चाकेही ओढीत.

मग ती नेहमीच चार चाकांवर का चालवू नये? तर वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. जुन्या जीपमध्ये पुढचा-मागचा जोर एकत्र जखडलेला. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक सांभाळते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो. म्हणून ड्रायव्हरच्या हाताशी वेगळा दांडा दिला : चिखलात चार, डांबरावर दोन. निवड गाडी घेताना नव्हे, रस्ता पाहून करायची!

पुढे वारे फिरले. १९८३च्या मारुती ८००ने पुढच्या चाकांचा जोर घरोघर नेला. कल्याणच्या कारखान्यातही १९९४पासून प्यूजो ३०९ ही तशीच गाडी निघू लागली. तो कारखाना काही वर्षांतच थंडावला, पण रीत टिकली. लांब दांडा गेला, गाडी हलकी झाली, आत पाय पसरायला जागा मिळाली.

आता चारी चाकांना आपोआप जोर वाटून देणाऱ्या गाड्याही आहेत. मात्र एक गोष्ट विसरू नये. जोर चार चाकांना असला तर गाडी पुढे सरकायला मदत होते; थांबायला नव्हे. ब्रेक दोन चाकांच्या जोराच्या गाडीलाही चारी चाकांना असतातच. श्रावणात माळशेज घाट उतरताना तुम्हाला सांभाळतो तो टायरचा खाचदार, न झिजलेला तळ आणि बेताचा वेग.

तेव्हा डोंबिवलीहून ठाण्याला रोज जाणाऱ्याने चौथ्या चाकाचा सोस करू नये. त्याच पैशांत टायर चांगले घ्यावेत. ज्याचे शेत शहापुरात, वाट मातीची, त्याने मात्र जरूर करावा.