लेगो मिनिफिगर ऑरिजिनल की डुप्लिकेट? मोबाईलवर तपासायचं कसं, आणि मोठेपणी हा संग्रह सुरू करायचा कसा

गुलमंडीतल्या एका खेळण्यांच्या दुकानात काउंटरवर प्लास्टिकची बरणी ठेवलेली असते. आत बोटाएवढ्या रंगीत बाहुल्या: बॅटमॅन, स्पायडरमॅन, पोलीस, निन्जा. मी एक उचलून बघत होतो, तर दुकानदार काका म्हणाले, "लेगोच आहे भाऊ, घेऊन टाक. साठ रुपये." मी निन्जाचं डोकं काढून मानेची खुंटी बघितली. कोरी होती. म्हटलं, "काका, ही लेगो नाही. पण निन्जा भारी आहे, द्या." काका हसले आणि निन्जा कागदात गुंडाळून दिला. साठ रुपयांत काय मिळतंय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मला हे कळत नव्हतं. तेव्हा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'जुन्या स्टार वॉर्स मिनिफिगर, आठ नग' घेतल्या. ३,२०० रुपये यूपीआयने आधीच पाठवले. आठही डुप्लिकेट निघाल्या. गंमत म्हणजे मी 'तपासून' घेतल्या होत्या. विक्रेत्याने फोटो पाठवले, मी ते फोटो ओळखणाऱ्या वेबसाइटवर टाकले, तिने प्रत्येक बाहुलीचं नाव आणि नंबर बरोबर सांगितला आणि मी खूश झालो. चूक नेमकी तिथेच होती. ती पुढे सांगतो, कारण नवीन पोरं रोज हीच चूक करताना दिसतात.

आधी थोडं मूळ समजून घेऊ

लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातली कंपनी. ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली आणि १९३४ मध्ये 'लेगो' हे नाव घेतलं. डॅनिश भाषेतल्या 'लाय गॉट', म्हणजे 'छान खेळ', या दोन शब्दांचा तो जोड आहे. आज आपण बघतो तो वर बटणं आणि आत नळ्या असलेला ब्रिक २८ जानेवारी १९५८ ला पेटंटसाठी नोंदवला गेला. तेव्हाचा ब्रिक आजच्या ब्रिकवर बसतो. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ब्रिकची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ प्लेट त्याच्या बरोबर एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. या मापात इतक्या वर्षांत बदल नाही.

आपल्या शहरात हे समजावणं सोपं आहे. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत मोल्डिंगवर काम करणारं कुणीतरी घरात किंवा गल्लीत असतंच, आणि इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय-मोल्डचा कोर्स केलेला एखादा मित्रही. त्याला विचारा: साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर काय होतं? ब्रिक एकतर सैल बसतो, नाहीतर दाताने काढावा लागतो. लेगोची किंमत बरीचशी या अचूकतेची आहे. बाकीची नावाची.

मिनिफिगर १९७८ मध्ये आली. ती येन्स न्यूगार्ड क्नुडसेन या डिझायनरने घडवली. सुरुवातीला सगळ्यांचा चेहरा एकच, पिवळा आणि हसरा. रागीट, दाढीवाले, एका डोळ्यावर पट्टी बांधलेले चेहरे १९८९ च्या समुद्री चाच्यांच्या संचांपासून दिसायला लागले. स्टार वॉर्सचं लायसन्स १९९९ मध्ये आलं, आणि मोठी माणसं बाहुल्या गोळा करायला लागली ती खऱ्या अर्थाने तिथून. २०१० मध्ये कंपनीने फक्त मिनिफिगरची बंद पाकिटं काढली. पहिल्या मालिकेत सोळा बाहुल्या होत्या, आणि आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. लोक दुकानात उभे राहून पाकीट बोटांनी चाचपायचे. २०२३ मध्ये पाकिटाऐवजी पुठ्ठ्याचं खोकं आलं आणि चाचपणं बंद झालं. मग खोक्यावरचा कोड वाचून आत कोण आहे ते सांगणारी अ‍ॅप्स निघाली!

डुप्लिकेट म्हणजे नक्की काय

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पेटंट कायमचं नसतं. ब्रिकचं पेटंट संपल्यावर लेगोने त्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून वाचवायचा प्रयत्न केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये तो नाकारला. कारण असं की हा आकार काम करण्यासाठी लागतो, तो एका कंपनीचा कायमचा होऊ शकत नाही. म्हणून दुसरी कंपनी स्वतःच्या नावाने लेगोवर बसणारे ब्रिक विकते तेव्हा ती चोरी नसते. मिनिफिगरचं मात्र उलटं झालं. २०१५ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने तिच्या आकाराचा ट्रेडमार्क कायम ठेवला. ब्रिक सगळ्यांचा, बाहुली लेगोची, असा तिथला हिशोब.

आणि संचाचं डिझाइन, खोक्यावरचं चित्र, सूचनापुस्तिका जशीच्या तशी उचलणं हा सरळ गुन्हा. चीनमधल्या 'लेपिन'ने हेच केलं. २०१९ मध्ये पोलिसांनी कारखान्यावर छापा घातला आणि २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयाने मुख्य सूत्रधाराला सहा वर्षांची कैद आणि ९ कोटी युआन दंड ठोठावला.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. लेगोचा पहिला प्लास्टिक ब्रिक १९४९ चा, आणि तो हिलरी पेज या इंग्रज माणसाच्या 'किडिक्राफ्ट' ब्रिकवरून केलेला होता. कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले ते १९८१ मध्ये.

आता तपासणी

ब्रिकॉग्नाइझ या वेबसाइटवर फोटो टाकला की ती तुकड्याचा किंवा मिनिफिगरचा नंबर सांगते. ब्रिकइट अ‍ॅप जमिनीवर पसरलेल्या ढिगाचा फोटो घेऊन त्यातून काय बनेल ते सुचवतं. दोन्ही उपयोगी आहेत. पण ती फक्त 'हे कशासारखं दिसतं' एवढंच सांगतात. नक्कल चांगली असेल तर ती ऑरिजिनलचाच नंबर देतात. माझे ३,२०० रुपये गेले ते यामुळे. कुणी तुम्हाला अशा वेबसाइटचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पाठवला तर त्याला काडीची किंमत देऊ नका.

नंबर मिळाला की खरं काम सुरू होतं. तो ब्रिकलिंकच्या कॅटलॉगमध्ये टाका. ही वेबसाइट २००० साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. तिथे ती बाहुली कोणत्या वर्षी, कोणत्या संचात आली, तिच्यात कोणकोणते भाग असतात, आणि मागच्या सहा महिन्यांत ती किती किमतीला विकली गेली हे दिसतं. विक्रेत्याचा भाव त्याच्या चौथ्या हिश्शात असेल तर तिथेच थांबा. २००३ च्या क्लाउड सिटी संचातला बोबा फेट कुणी दोन हजारांत देत असेल, तर तो बोबा फेट त्या संचातला नाही.

मग जवळून काढलेले फोटो मागवा. डोकं काढून मानेच्या खुंटीचा फोटो: नव्या ऑरिजिनल बाहुलीच्या खुंटीवर बारीक अक्षरांत लेगो कोरलेलं असतं. ब्रिक असेल तर प्रत्येक बटणावर ते नाव हवं, एकाही बटणावर चुकता कामा नये. ब्रिकच्या आतल्या बाजूला बहुधा साच्याचा नंबर असतो, दोन बाय चारचा ३००१. छपाई बघा. नकलेत पोटावरचा पट्टा किंचित तिरका असतो, आणि पांढरा रंग खालच्या रंगामुळे मळकट दिसतो. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. खरा संग्राहक पाच मिनिटांत पाठवतो. 'बाहेर आहे, उद्या पाठवतो' असं दोनदा ऐकलं की समजून जा.

बंद खोकं भारतातल्या दुकानातून घेत असाल तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हासोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं आहे ते कळतं. हे अ‍ॅप लेगोसाठीच नाही, हेल्मेट घेतानाही वापरा.

फसवणूक झालीच तर? पैसे गेल्या गेल्या १९३० वर फोन करा, उशीर केला तर रक्कम पुढे सरकते. दुकान किंवा कंपनी असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी लाज वाटून चार दिवस गप्प बसलो, म्हणून काही परत मिळालं नाही.

इतकं महाग का, आणि मग जमवायचं कसं

खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. परदेशातले व्हिडिओ बघून तिथली किंमत रुपयांत करत बसू नका, त्रास होतो. बाहेरून पार्सल मागवलं तरी कस्टम्स लागू शकतो आणि टपालखर्च वेगळा.

संच घेण्याआधी किंमत भागिले तुकडे करा. ४,००० रुपयांत ४०० तुकडे म्हणजे तुकड्याला दहा रुपये. दोन संचांची तुलना करायला हे पुरतं, पण आंधळेपणाने वापरू नका. मोठ्या संचात नखाएवढ्या प्लेटा भरून आकडा फुगवलेला असतो. माझं मत विचाराल तर सुरुवातीला एकच विषय धरा. फक्त अंतराळवीर, फक्त पोलीस, फक्त बॅटमॅन. सगळंच हवं म्हटलं की सहा महिन्यांत पगारही संपतो आणि कपाटही. ब्रिकसेट किंवा रिब्रिकेबलवर मोफत खातं काढून आपल्याकडचे संच नोंदवा. रिब्रिकेबल तुमच्याच तुकड्यांतून दुसरं काय बनेल हेही सांगतं, म्हणजे नवीन खरेदी न करता नवीन काम मिळतं.

'लेगो सोन्यापेक्षा भारी गुंतवणूक' असे रील तुम्ही पाहिले असतील. त्यामागे मॉस्कोतल्या एका विद्यापीठाचा अभ्यास आहे. १९८७ ते २०१५ मधल्या संचांवर वर्षाला सरासरी सुमारे ११ टक्के परतावा निघाला. पण सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. काही संच बुडीतच गेले. आणि तो परतावा न फोडलेल्या खोक्यांचा आहे. खोकं न फोडता दहा वर्षं ठेवायचं असेल तर एफडी करा, तिला धूळ तरी लागत नाही.

धुळीवरून आठवलं. गुलमंडीसारख्या भागात रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवली तर आठवड्यात घुमटावर थर बसतो. मऊ ब्रशने झाडा. धुवायचं तर कोमट पाणी, ४० अंशांपेक्षा गरम नको, असं कंपनीच सांगते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तेवढं तापतं, तेव्हा नळाखाली थेट धरू नका. उन्हात पांढरे तुकडे पिवळे पडतात आणि जुने तपकिरी तुकडे काढताना तुटतात.

ताजमहाल आणि आपला मकबरा

लेगोने ताजमहाल तीनदा काढला. २००८ मध्ये ५,९२२ तुकड्यांचा, २०१७ मध्ये तोच पुन्हा, एक तुकडा जास्त, आणि २०२१ मध्ये २,०२२ तुकड्यांचा छोटा. बीबी का मकबऱ्याचा संच नाही. ताजचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी, आणि मकबऱ्याच्या दरवाजावर नाव आहे ते त्यांच्या मुलाचं, अताउल्लाचं. बाहेरचे लोक 'गरिबांचा ताज' म्हणतात, आपल्याला राग येतो.

म्हणून मी मकबरा स्वतः करायला घेतला आहे. अशा स्वतःच्या डिझाइनला या छंदात 'मॉक' म्हणतात. ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याला कॉम्प्युटर लागतो, मोबाईलवर चालत नाही. त्यात आधी स्क्रीनवर बांधायचं, मग ते तुकड्यांची यादी काढून देतं आणि यादी थेट ब्रिकलिंकवर जाते. रंगाचा प्रश्न मकबऱ्यानेच सोडवला. खाली कमरेपर्यंत संगमरवर, वर चुन्याचा गिलावा, घुमट पुन्हा संगमरवरी. म्हणजे खाली पांढरा, मध्ये फिका बदामी, वर पांढरा. बदामी तुकडे पांढऱ्यापेक्षा स्वस्त पडतील असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

अडलंय ते मिनारांवर. पांढरा एक बाय एक गोल ब्रिक, नंबर ३०६२, एकावर एक चढवला की मिनार सरळ उभा राहतो, पण तो खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा दिसतो. खरा मिनार वर निमुळता होत जातो. खालच्या भागाला दोन बाय दोनचे गोल ब्रिक लावून बघितले, तर जोडावर बेढब पायरी दिसते. सध्या त्या पायरीच्या जागी सज्जा टाकून बघतोय. कुणाला यापेक्षा बरा जोड सुचला तर नंबरासकट सांगा.