फाशीचे वाक्य आणि ज्वारीचा आकडा

शहरी महाराष्ट्रातील अनेकांनी पोहरादेवी हे नाव प्रथम ऐकले ते २३ फेब्रुवारी २०२१ रोजी. तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांच्यावर एका तरुणीच्या मृत्यूवरून आरोप होत होते. त्यांनी ते नाकारले. बरेच दिवस मौन पाळल्यानंतर ते लोकांसमोर आले, ते वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील या बंजारा तीर्थक्षेत्री. करोनाचे निर्बंध लागू असताना तेथे गर्दी उसळली आणि ती गर्दी वाहिन्यांवर दिवसभर फिरत राहिली. पाच दिवसांनी मंत्र्यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणाची शहानिशा हा या लेखाचा विषय नाही. मात्र त्या दिवशी पडद्यावरची चर्चा ऐकताना, बंजारा समाजातल्या एका ज्येष्ठ नेत्याच्या वक्तव्यावर झालेली, जवळपास साठ वर्षे जुनी दुसरी चर्चा सारखी आठवत होती. त्या वेळी वाहिन्या नव्हत्या. वृत्तपत्रे होती, व्यंगचित्रे होती आणि शनिवारवाड्यासमोरचे पटांगण होते.

ते नेते म्हणजे मुख्यमंत्री वसंतराव नाईक. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावरच्या जाहीर सभेत त्यांनी सांगितले की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपण फाशी जायला तयार आहोत. या वाक्याचे दोन पाठ प्रचलित आहेत. एका पाठात ते लोकांना सांगतात, मला जाहीर फाशी द्या. दुसऱ्यात ते स्वतःच फास लावून घ्यायची भाषा करतात. गौरवग्रंथांत, जयंतीच्या लेखांत आणि कृषिदिनाच्या भाषणांत हे दोन्ही पाठ आलटून पालटून येतात. फरक दिसायला लहान आहे, पण पहिल्या पाठात न्यायाधीश जनता असते आणि दुसऱ्यात वक्ताच. दोन्ही पाठांत 'फाशी' कायम आहे. हललेली नाही ती हीच एक गोष्ट. पुढाऱ्याच्या बोलण्यातले सर्वांत भडक नाम तेवढे टिकते आणि भोवतालचे क्रियापद, अट, मुदत झिजत जाते, याचा मराठीतला इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

वाक्य कोठून आले हे समजण्यासाठी पुन्हा पोहरादेवीकडे यावे लागते. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर यांमुळे हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातले तांडेही येथे येतात. हा समाज मुळात मालवाहतुकीचा. गोरमाटीत या धंद्याला 'लदेणी' म्हणतात: बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस चालायचे. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजा यांच्याच धान्यावर हलत. १८०३ साली आर्थर वेलस्लीने दख्खनेत आणि वऱ्हाडात मोहीम केली. त्याच्या पत्रव्यवहारात 'ब्रिंजारी' हा शब्द वारंवार भेटतो, कारण त्यांचे बैल पोचले नाहीत तर पलटण उपाशी. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. लदेणीचे दिवस संपत आले. १८७१ च्या कायद्याने देशातल्या अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. त्याची सावली बंजाऱ्यांवरही पडली आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी 'विमुक्त जाती' हा शब्द सरकारी यादीत त्यांच्या नावापुढे राहिला.

१ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुली या तांड्यात वसंतराव जन्मले. 'नाईक' ही तांड्याच्या प्रमुखाची पदवी; वडील फुलसिंग तांड्याचे नाईक होते. मुलगा नागपुरात वकिली शिकला. १९४६ मध्ये पुसदचा नगराध्यक्ष झाला, १९५२ मध्ये आमदार आणि लगेच मध्य प्रदेशात उपमंत्री, पुढे द्वैभाषिकात कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्यात महसूलमंत्री. मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्यांचे धान्य वाहिले आणि धान्याचा धंदा जाताच ज्यांना चोर ठरवण्यात आले, त्यांच्यातला एक माणूस आता राज्याच्या धान्याचा जिम्मा घेत होता. शनिवारवाड्यासमोर बसलेल्या किती श्रोत्यांच्या हे मनात आले असेल? फारशा नाही, असे मला वाटते. मुंबई-पुण्याच्या नजरेत भरे तो त्यांचा पाइप, सुटाबुटातला रुबाब, शिकारीचा षौक. व्यंगचित्रकाराला पाइपइतकी सोयीची वस्तू दुसरी कोणती मिळणार!

जिम्मा घ्यायला वेळ मात्र फार वाईट निवडली होती. १९६४-६५ साली देशात सुमारे ८९० लाख टन धान्य पिकले. पुढच्या वर्षी पाऊस बुडाला आणि आकडा ७२० लाखांच्या आसपास आला. त्यात १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. अमेरिकेचा गहू पीएल-४८० खाली बोटीतून यायचा आणि रेशनच्या रांगेत संपायचा. त्याच गव्हाबरोबर आले असे मानले जाणारे गाजर गवत लोकांनी 'काँग्रेस गवत' करून टाकले. सत्ताधारी पक्षावरचे इतके टिकाऊ भाष्य कोणत्याही संपादकाला जमलेले नाही. राज्या-राज्यांत धान्याचे झोन पडले होते. ज्वारी आणि भात सरकारने एकाधिकाराने खरेदी करायला घेतले, तेव्हा शेतकरी भावावरून चिडला आणि शहरातला गिऱ्हाईक मालावरून.

अशा वेळी दोन वर्षांची मुदत घालणे हे धाडस म्हणावे की बेफिकिरी? त्यांच्या हाताशी काय होते ते पाहू. १९६०-६१ साली महाराष्ट्रातल्या एकूण पिकांखालील क्षेत्रापैकी ओलिताखाली होते अवघे साडेसहा टक्के. जायकवाडीची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी बसवली ती १८ ऑक्टोबर १९६५ रोजी. म्हणजे त्या धरणाचे पाणी दोन वर्षांच्या हिशेबात धरताच येत नव्हते. राहिले बियाणे. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण बाहेर आला होता, आणि नाईकांची सारी भिस्त त्याच्यावर होती. उतारा खरोखरच गावरान ज्वारीच्या कितीतरी पुढे. पण पीक लवकर हाती येई, तेव्हा नेमका परतीचा पाऊस गाठी आणि कणसे काळी पडत. ताट बुटके असल्याने कडबा कमी, म्हणजे बैलांची अडचण. भाकरीच्या चवीबद्दल घरोघरच्या बायकांनी जे भाष्य केले ते वृत्तपत्रांत फारसे आले नाही, पण 'हायब्रीड' हा शब्द मराठीत चिडवण्यासाठी वापरतात तो काही उगाच नाही.

मग निकाल काय लागला? राज्याचे एकूण धान्योत्पादन १९६०-६१ मध्ये सुमारे ७७ लाख टन होते. १९७०-७१ मध्ये ते सुमारे ५४ लाखांवर उतरलेले दिसते. ज्वारी तर ४२ लाखांवरून साडेपंधरा लाखांवर. १९७०-७१ हे अवर्षणाचे वर्ष होते, हे खरे. एका वाईट वर्षावरून दशकाचा न्याय करू नये, हेही खरे. तरीसुद्धा स्वयंपूर्णतेचा शब्द पाळला गेला नाही, असेच म्हणावे लागते. जयंतीच्या लेखांत पुष्कळदा तो पाळला गेल्यासारखे लिहिलेले असते. आदर असलेल्या माणसाविषयी असे लिहिणे म्हणजे त्याचे वचन त्यालाच परत न देण्यासारखे आहे.

विरोधकांना हे वाक्य म्हणजे आयते कोलीत होते. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' काँग्रेसवाल्यांना सोडत नसे आणि 'मार्मिक'ची रेघ मुंबईत घरोघर पोचली होती. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि तिला मुख्यमंत्र्यांचे अभय आहे या संशयातून 'वसंतसेना' हे टोपणनाव निघाले. गिरणगावातल्या डाव्या संघटनांना ते टोपणनाव म्हणजे थट्टा वाटण्याचे कारण नव्हते. पुढे नरिमन पॉइंटच्या भूखंडवाटपावरची टीका उच्च न्यायालयापर्यंत गेली. या दोन्ही प्रश्नांवर नाईकांना जाब विचारणे वाजवीच होते, आणि त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना आजही विचारायला हवा. माझी तक्रार टीका झाली याबद्दल नाही. टीकेचे वजन कोठे पडले याबद्दल आहे. फाशीवर लिहिणे सोपे होते. साडेसहा टक्के ओलितावर लिहायला तालुक्याला जावे लागले असते.

आणि तालुक्यातच, तेही नेमक्या त्याच १९६५ साली, एक फारच वेगळी गोष्ट चालू होती. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते त्या खुर्चीवर राहिले. वरिष्ठ सभागृहाचा सभापती हा वृत्तपत्रांच्या दृष्टीने अगदीच कोरडा विषय: तो सभेत गर्जना करत नाही, त्याला पाइप नसतो. पागे संतवाङ्मयात रमणारे गांधीवादी गृहस्थ. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग सुरू झाला: काम मागेल त्या मजुराला गावाजवळ काम द्यायचे आणि त्या कामातून बांध, तलाव, विहिरी उभ्या करायच्या. पुढे त्यांनी ही कल्पना मुख्यमंत्र्यांना कळवली आणि नाईकांनी ती उचलून धरली. सभागृहात आणि पक्षात, एवढा पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न होताच. तरी १९७२ मध्ये रोजगार हमी ही राज्याची योजना झाली.

ती जेमतेम उभी राहते तोच दुष्काळ पडला. १९७२-७३ ची आठवण असलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. रेशनवरची लाल मिलो, तिच्या न वळणाऱ्या भाकरी, कामावर मुलांना मिळणारी सुकडी, खडी फोडून सोललेले हात. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. शनिवारवाड्यावर दिलेला शब्द याच उन्हाळ्यात अगदी उघडा पडला, कारण धान्य बाहेरून आणावे लागले. पण भूकबळींची जी भीती देशभर व्यक्त होत होती, त्या प्रमाणात माणसे मेली नाहीत. खाईल ते पिकवण्याचे वचन मोडले, आणि पिकले नाही तरी विकत घेण्यापुरती मजुरी हातात पडेल अशी व्यवस्था मात्र उभी राहिली. अर्थशास्त्रात पुढे यावर बरेच लिहिले गेले. त्यातले सार गावातल्या मजूर बाईला आधीच ठाऊक होते: कणगी भरली म्हणून आपल्या चुलीवर तवा चढतोच असे नाही.

शहराने या योजनेचा भार उचलला, याचीही नोंद असावी. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला तो मुख्यतः रोजगार हमीसाठी. हा लेख वाचणाऱ्या नोकरदार वाचकाच्या पगारपत्रकात ती छोटी वजावट आजही दिसेल. तिचा संबंध तासगावाशी आहे हे किती जणांना माहीत असते? मला स्वतःला नोकरीची कित्येक वर्षे उलटेपर्यंत माहीत नव्हते.

नाईक फेब्रुवारी १९७५ मध्ये पायउतार झाले. सव्वाअकरा वर्षांत त्यांनी उभ्या केलेल्या गोष्टींत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे येतात. ही यादी सर्वांना पाठ असते, म्हणून तिच्यावर अधिक रेंगाळत नाही. १९७७ ची निवडणूक अधिक बोलकी आहे. आणीबाणीनंतरच्या त्या लाटेत महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागाच काँग्रेसला मिळाल्या. फासाचे वाक्य बोललेले वसंतराव लोकसभेला उभे राहिले ते वाशीममधून, म्हणजे याच मुलखातून, आणि निवडून आले. मतदारांनी ते वाक्य ऐकले नव्हते असे थोडेच आहे! पण पुण्याच्या सभेतला शब्द तांड्यावर पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलला असावा. तांड्यात नाईकाचा शब्द म्हणजे हिशेबाची चिठ्ठी नसते; संकटात पुढे उभे राहण्याची ती हमी असते. उतारा किती पडला हे मोजायला तलाठी असतो.

मी पोहरादेवीला गेलो तो यात्रेचा दिवस नव्हता. दुकाने अर्धी उघडी होती. सेवालाल महाराज, रामराव महाराज आणि वसंतराव नाईक यांच्या तसबिरी एकाच दोरीला टांगलेल्या. त्यातली एक तसबीर संताची नसून मुख्यमंत्र्याची आहे, हे तेथे कोणाला खटकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेले बंजारा विरासत संग्रहालय येथे नगाऱ्याच्या आकारात उभे आहे. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, वसंतरावांच्या जन्मदिनी; तोच दिवस राज्यभर कृषिदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषणे होतात आणि दोहोंपैकी कोणत्या ना कोणत्या पाठात फाशीचे वाक्य येते.

वसंतरावांचे निधन १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला झाले. रोजगार हमीचा कायदा त्याच वर्षी २६ जानेवारीपासून अमलात आला होता.