उत्पन्नाचा रकाना

इ. स. 600 च्या सुमारास इंग्लंडच्या केंट राज्यात तुम्ही एका उघड्या कबरीपाशी उभे आहात. आत एका स्वतंत्र शेतकऱ्याचा देह आहे, समोर त्याला मारणारा. त्याच्या मुठीत 20 शिलिंग. राजा एथेलबर्टचा कायदा सांगतो, कबर उघडी असताना एवढे द्यायचे. पूर्ण भरपाई, म्हणजे 100 शिलिंग, 40 रात्रींच्या आत. मृताचा भाऊ हात पुढे करतो. तुम्हाला हा व्यवहार निर्दय वाटेल, पण त्याच्या दुसऱ्या हातातला भाला बघा. त्यानं पैसे नाकारले, तर उद्या दुसरी कबर खणावी लागेल, परवा तिसरी.

या कायद्यात अवयव न् अवयव नोंदला आहे. डोळा 50, अंगठा 20, करंगळी 11, समोरचा दात 6. आणि शेतकऱ्याच्या भाकरीवर राबणारा चाकर कुणी मारला तर? 6. एका जिवाला एका दाताचा भाव!

आता 2009 मध्ये या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातल्या बाकावर बसा. सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा निकालात नुकतंच गणित घालून दिलं आहे. महिना 10,000 कमावणारा 32 वर्षांचा फिटर गेला, मागे बायको आणि दोन मुलं. वर्षाच्या कमाईतून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी तिसरा हिस्सा वजा, उरलेल्याला 16 नं गुणा: 12,80,000 रुपये.

पुढचा पुकारा होतो. ट्रकखाली गेलेली गृहिणी. विमा कंपनीचे वकील उठतात, "मयत काही कमवत नव्हती, साहेब." मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या परिशिष्टात यावर तोडगा होता: नवऱ्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिचा धरा. म्हणजे नवरा हमाल असला की तिचा स्वयंपाक, तिची जागरणंही स्वस्त. मला हा हिशेब केंटच्या यादीइतकाच अन्यायाचा वाटतो.

2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच न्यायमूर्ती गांगुलींनी जनगणनेवर बोट ठेवलं: गृहिणींना तिथं भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं. 2021 च्या जानेवारीत एका निकालात न्यायमूर्ती रमणांनी आकडेच मांडले: बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष 97. गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरायचं आणि त्यात भविष्यातली वाढही मिळवायची, हे त्या निकालानं स्पष्ट केलं.

असा दावा कधी तुमच्या माहितीतल्या घराला करावा लागला, तर तिच्या उत्पन्नाच्या रकान्यात कुणाला 'निरंक' लिहू देऊ नका.