४८६ संगणकावर एक्स विंडो: खिडकी इथे, प्रोग्राम भलतीकडेच

एक्स विंडो सिस्टिम म्हणजे युनिक्स आणि लिनक्सवर खिडक्या, माउस आणि चित्रं दाखवणारी जुनी व्यवस्था. तिची खासियत अशी की प्रोग्राम एका संगणकावर चालतो आणि त्याची खिडकी नेटवर्कवरून दुसऱ्याच संगणकावर उघडते. हे १९८० च्या दशकातलं आहे, बरं का. मी हे प्रकरण पुस्तकात वाचून सोडून दिलं असतं, पण मामाच्या माळ्यावर एक ४८६ सापडला: ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, ५१२ केबीचं व्हिडिओ कार्ड आणि १४ इंची काचेचा मॉनिटर. मामाची एकच अट होती, "मॉनिटर जाळू नकोस, आता असला मिळणार नाही." ही अट किती खरी होती ते पुढे कळेलच.

आधी थोडा इतिहास. एक्सची सुरुवात १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये झाली. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस ही त्यामागची मुख्य नावं. तिथे अथेना नावाच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक येत होते, आणि सगळ्यांवर चालेल अशी एकच खिडकी-व्यवस्था हवी होती. स्टॅनफर्डमध्ये डब्ल्यू नावाची एक व्यवस्था आधीच होती. तिच्यावरून हे काम सुरू झालं, म्हणून पुढचं अक्षर एक्स. सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली, आणि तिचा मूळ प्रोटोकॉल आजही तोच आहे.

पण हे सगळं महागड्या वर्कस्टेशनसाठी होतं. साध्या पीसीवर डॉस आणि त्याची ६४० केबीची मर्यादा. ३८६ चिप (१९८५) आल्यावर पीसीवर खरं युनिक्स चालवणं शक्य झालं. थॉमस रोएल यांचा एक्स३८६ हा सर्व्हर १९९१ साली एक्सच्या अधिकृत संचात आला, आणि १९९२ मध्ये काही जणांनी तो सुधारत एक्सफ्री८६ सुरू केला. नावातली गंमत पाहा: 'थ्री'च्या जागी 'फ्री'. लिनक्स वापरणाऱ्यांच्या घरी एक्स पोचला तो यातून.

सर्व्हर कोण, क्लायंट कोण?

इथे सगळे अडखळतात, मीही अडखळलो. आपल्या डोक्यात सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी असलेला मोठा संगणक. एक्समध्ये उलटं आहे. सर्व्हर म्हणजे ज्याच्याकडे स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस आहे तो, म्हणजे तुमच्या समोरचा. प्रोग्राम हा क्लायंट, तो सर्व्हरला विनंती करतो: इथे रेघ काढ, इथे अक्षरं लिही. माझ्या प्रयोगात मामाचा ४८६ सर्व्हर होता आणि माझा लॅपटॉप क्लायंट.

चित्र न पाठवता विनंती पाठवण्याचं कारण हिशोबातच दिसतं. ८०० गुणिले ६०० ची, २५६ रंगांची एक पूर्ण स्क्रीन म्हणजे ४,८०,००० बाइट. तेव्हाच्या १० मेगाबिट नेटवर्कवर अशा सेकंदाला तीनसुद्धा जाणार नाहीत. उलट एक रेघ काढायची विनंती फक्त २० बाइटची, आणि तुम्ही बटण दाबलं की सर्व्हर क्लायंटला जो निरोप देतो तो ३२ बाइटचा.

मॉनिटर जाळण्याची खरीखुरी सोय

एक्सफ्री८६ बसवणं सोपं होतं, सेटिंग फाइल लिहिणं नाही. आज मोबाइलचा स्क्रीन आपणहून ओळखला जातो. तेव्हा मॉनिटरचे आकडे तुम्ही हाताने लिहायचे. ६४० गुणिले ४८० साठी कार्ड सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार ठिपके पाठवतं. कडेची रिकामी जागा धरून एका ओळीत ८०० ठिपके, म्हणजे सेकंदाला साधारण ३१,५०० ओळी, आणि एका चित्रात ५२५ ओळी, म्हणून सेकंदाला सुमारे ६० चित्रं. मामाचा मॉनिटर ३१,५०० ते ३५,५०० ओळींपर्यंत झेपणारा. १०२४ गुणिले ७६८ ला ६० चित्रं हवी असतील तर ४८,००० हून जास्त ओळी लागतात.

मी कुठूनतरी मिळालेला आकडा आंधळेपणाने चिकटवला. स्क्रीनवर तिरप्या रेघा आल्या आणि मॉनिटरमधून बारीक शीळ ऐकू आली. कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस एकदम दाबले, एक्स बंद पडला, शीळ थांबली. तो मॉनिटर चुकीची गती आपणहून नाकारणारा नव्हता. जे मिळेल ते ओढायचा प्रयत्न करत राहायचा आणि तापायचा. शेवटी ८०० गुणिले ६००, सेकंदाला ५६ चित्रं, यावर थांबलो. डोळ्यांना लुकलुक जाणवते, पण ओळी ३५,१५६ होतात आणि ४,८०,००० बाइट ५१२ केबीत मावतात.

मग लॅपटॉपवर डिस्प्लेच्या जागी ४८६ चा आयपी पत्ता दिला आणि घड्याळाचा छोटा प्रोग्राम चालवला. पोर्ट ६००० वरून तो जोडला गेला आणि जुन्या काचेवर घड्याळ उगवलं! ब्राउझर मात्र चालला नाही. नव्या प्रोग्रामना एक्सच्या नंतरच्या जोडण्या लागतात, त्या या सर्व्हरकडे नाहीत.

पासवर्डची गोष्ट

जोडताना मी आळशीपणा केला होता. सर्व्हरवर 'एक्सहोस्ट प्लस' दिलं, म्हणजे कोणीही या, दार उघडं आहे. फक्त माझ्या लॅपटॉपचं नाव द्यायला हवं होतं, किंवा आजच्यासारखं एसएसएचमधून सगळं न्यायला हवं होतं. कारण एक्समध्ये एकदा आत आलेला प्रोग्राम सर्व्हरला सरळ विचारू शकतो, आत्ता कोणकोणती बटणं दाबलेली आहेत? मी वीसेक ओळींचा तसा प्रोग्राम लिहिला आणि मामाला म्हटलं, तुझं खातं उघडतो, पासवर्ड टाक. त्याच्या टर्मिनलवर एकही अक्षर दिसलं नाही. माझ्या लॅपटॉपवर सगळी दिसली. मी हसत वाचून दाखवली, तर मामा गप्प. "अरे, हाच बँकेचा आहे." त्याच संध्याकाळी त्याने तो बदलला. मी पण नंतर माझे दोन बदलले.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये एक्स नाही, तिथे सरफेसफ्लिंगर सगळ्या खिडक्या एकत्र करून दाखवतो. लिनक्सवरही २००८ साली सुरू झालेला वेलँड आता एक्सची जागा घेतोय, आणि त्यात एका प्रोग्रामला दुसऱ्याची बटणं अशी वाचता येत नाहीत. तरी करून पाहायचं असेल तर टर्मक्स आणि त्याचं एक्स११ ॲप टाका, फोनच सर्व्हर होईल. फक्त दार उघडं ठेवू नका.

आणखी एक गंमत मामानेच शोधली. मी लॅपटॉपचं झाकण मिटून चहाला गेलो. ४८६ वर घड्याळाचे काटे थांबले, पण खिडकी तशीच होती. मामाने टर्मिनलची खिडकी तिच्यावरून ओढली, तर अर्धं घड्याळ पुसलं गेलं. आमचा सर्व्हर झाकलेला भाग लक्षात ठेवत नव्हता, उघडा झाला की क्लायंटला सांगायचा, पुन्हा काढ. आणि क्लायंट झोपलेला. मी येऊन झाकण उघडलं तेव्हा घड्याळ पुन्हा पूर्ण झालं, वेळ बरोबर, आणि मामा अजून खिडकी पुढे-मागे ओढत बसला होता.