हरणे, सह्याद्रीतील : ओळख व संकर

सह्याद्रीच्या कोकणाकडील उतारावर, विशेषतः रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या महाड व पोलादपूर तालुक्यांत, आढळणारे हरणसदृश प्राणी परस्परांपासून वेगळे ओळखण्याचा इतिहास. सावित्री नदीच्या खोऱ्याचा हा प्रदेश तीव्र उताराचा व अतिपर्जन्याचा आहे. येथे वर्षाला ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून मोठी जीवितहानी झाल्यामुळे सर्वत्र परिचित झालेले तळीये हे गाव याच उतारांवर वसलेले आहे. दाट झुडपे, धुके व उभे कडे यांमुळे या भागात प्राणी क्षणभरच दृष्टीस पडतो. त्याच्या ओळखीत पूर्वीपासून जो घोटाळा होत आला, त्याचे निम्मे कारण या भूरचनेत आणि उरलेले निम्मे भाषेत आहे.

मराठीत ‘हरिण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. शास्त्रीय दृष्ट्या त्यात तीन वेगळी कुले मिसळली जातात. सांबर, चितळ व भेकर हे मृगकुलातील (सर्व्हिडी) होत. यांच्या नरांची शिंगे भरीव, बहुधा शाखायुक्त असतात व ती गळून पुन्हा उगवतात. चौशिंगा, काळवीट व चिंकारा हे गाय-शेळीच्या कुलातील (बोव्हिडी) असून त्यांची शिंगे पोकळ, शाखारहित व कायमची असतात. पिसोरीला तर शिंगेच नसतात आणि ती ट्रॅग्युलिडी या तिसऱ्याच कुलात मोडते. संस्कृत कोशकारांनी मृगांची नावे पुष्कळ नोंदविली आहेत. अमरकोशात कृष्णसार, रुरू, न्यंकू, शंबर, पृषत, एण अशी नामावळी येते. त्यांपैकी शंबर म्हणजे सांबर व ठिपकेदार पृषत म्हणजे चितळ हे सहज जुळते. इतर काही नावांबाबत मात्र टीकाकारांत एकमत नाही. कोशकाराला शब्द हवे होते, प्राणी नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही.

पश्चिम भारतातील सस्तन प्राण्यांची पहिली पद्धतशीर यादी मुंबईच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी केली. दख्खनमध्ये पाहिलेल्या प्राण्यांची त्यांची सूची लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या कार्यवृत्तात १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी शास्त्रीय नावांबरोबर मराठी नावेही दिली आणि पिसोरी व भेकर हे प्राणी घाटातले असून ते मैदानात उतरत नाहीत, हे नमूद केले. मराठी नाव विचारण्याची ही सवय पुढील संशोधकांना फार उपयोगी पडली. पण तिनेच एक नवा गोंधळही निर्माण केला.

पिसोरीचे उदाहरण प्रथम घेऊ. साइक्स यांनी तिला कस्तुरी मृगाच्या (मॉस्कस) प्रजातीत ठेवले होते. तत्कालीन शास्त्राला धरूनच ते होते, कारण दोघांनाही शिंगे नसतात व दोघांच्याही नरांना वरच्या जबड्यात सुळे असतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फाँस मिल्न-एडवर्ड्‌झ यांनी १८६४ मध्ये शारीराच्या आधारे या प्राण्यांचे कुल वेगळे केले. रवंथ करणाऱ्या इतर प्राण्यांचे जठर चार कप्प्यांचे असते, तर पिसोरीच्या जठराचे स्पष्ट कप्पे तीनच असतात. तिच्या पायाची बाजूची बोटेही अधिक पूर्ण वाढलेली असतात. अर्थात रानात जठर दिसत नाही. तेथे पाहावे ते असे : खांद्यापाशी उंची सु. २५ ते ३० सेंमी., वजन सु. ३ किग्रॅ., पाठ कमानदार, गळ्यावर पांढरे पट्टे आणि अंगावर ठिपक्यांच्या ओळी. या ठिपक्यांमुळेच चूक होते, कारण भेकराच्या व चितळाच्या पाडसांवरही ठिपके असतात. मात्र पाडसाचे पाय अंगाच्या मानाने लांब व डोके उंच असते, तर पिसोरीचे पाय काडीसारखे बारीक व आखूड असून ती डोके खाली घालून झुडपाखालून जाते. भारतातील पिसोरी (मॉस्किओला इंडिका) श्रीलंकेतील जातीहून भिन्न असल्याचे कॉलिन ग्रोव्हझ व एरिक मेयार्ड यांनी २००५ मध्ये दाखविले. त्यापूर्वीच्या बहुतेक ग्रंथांत दोघींना मेमिन्ना हे एकच नाव दिलेले आढळते.

अधिक चिवट घोटाळा भेकर व चौशिंगा यांचा. टी. सी. जर्डन यांच्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात (१८६७) ‘भेकरा’ हे मराठी नाव दोन्ही प्राण्यांखाली नोंदलेले आहे. माहिती देणारे खोटे बोलत होते असे नव्हे. दोन्ही प्राणी शेळीएवढे, तांबूस-तपकिरी, एकटेदुकटे राहणारे व गवतातून अचानक उसळून पळणारे आहेत; आणि ज्या गावाच्या रानात दोहोंपैकी एकच आढळतो, तेथे एक नाव पुरते. अडचण होते ती दोन गावांची माहिती एका ग्रंथात एकत्र आल्यावर. त्यामुळे जुन्या शिकारवृत्तांतील ‘भेकर मारले’ एवढ्या नोंदीवरून त्या भागात कोणता प्राणी होता हे ठरविणे धोक्याचे ठरते.

प्रत्यक्षात दोघांत फरक भरपूर आहेत. भेकराच्या नराची शिंगे केसाळ कातडीने मढलेल्या लांब अस्थिखुंटांवर उगवतात. हे खुंट कपाळावरून चेहऱ्यावर दोन कंगोऱ्यांच्या रूपाने उतरतात व त्यांवरील काळ्या रेषांची इंग्रजी ‘व्ही’सारखी आकृती दिसते. शिंगे साधारणपणे मे-जूनमध्ये गळतात. पावसाळ्यात नर बिनशिंगी दिसला तरी खुंट कायम असतात, आणि ही खूण पावसाळ्यात फार मोलाची आहे. मादीला खुंटांच्या जागी केसांचे झुबके असतात. चौशिंगाच्या नराला चार शिंगे असतात. मागील जोडी सु. ८ ते १० सेंमी., पुढील जोडी त्याहून बरीच आखूड, कधी नुसती गाठीएवढी. पायांच्या पुढील बाजूवर गडद पट्टा असतो, चाल धक्क्याधक्क्याची असते आणि लेंड्या तो पुनःपुन्हा एकाच जागी टाकतो. चौशिंगा मुख्यतः कोरड्या, विरळ पानझडी वनांत व पाण्याच्या आसपास राहतो, तर महाड-पोलादपूरच्या ओल्या, दाट वनात भेकरच अधिक संभवते. शेवटी आवाज. भेकर धोका जाणवताच कुत्र्यासारखे भुंकते, आणि कधीकधी बराच वेळ ठरावीक अंतराने भुंकत राहते. घाटातल्या माणसाला प्राणी न पाहताही त्याची जात ओळखता येते ती यामुळे.

सांबर व चितळ यांत प्रौढ प्राण्यांबाबत गल्लत होण्याचे कारण नाही. सांबर आकाराने कितीतरी मोठे, राठ केसांचे व एकरंगी असते, तर चितळाचे पांढरे ठिपके आयुष्यभर टिकतात. गळून पडलेली शिंगे मात्र फसवतात, कारण दोघांच्याही शिंगांना सामान्यतः तीनच टोके असतात. त्यांतल्या त्यात चितळाचे शिंग सडपातळ असून त्याची भुवईजवळची शाखा मुख्य दांड्याशी जवळजवळ काटकोन करते.

एखादा अनोळखी रंगाचा प्राणी दिसला की तो दोन जातींचा संकर असावा, असा तर्क करण्याचा मोह होतो. सह्याद्रीच्या बाबतीत तो तपासून पाहणे आवश्यक आहे. भेकर व चौशिंगा भिन्न कुलांतील असल्याने त्यांचा संकर संभवत नाही. भेकराची स्थिती तर आणखी विलक्षण आहे. डोरिस वर्स्टर व कुर्ट बेनिर्श्के यांनी १९७० मध्ये दाखविले की, भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६ व नरात ७ गुणसूत्रे असतात. चिनी भेकरात ती ४६ आहेत. चीनमध्ये बंदिवासात या दोन जातींचा संकर घडवून १९८० च्या सुमारास त्याचा अभ्यास झाला, तेव्हा संकरित नरांत शुक्राणुनिर्मिती पूर्ण होत नसल्याचे आढळले. पाडा व चितळ यांचे संकर बंदिवासात झाले आहेत, पण पाडा हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गवताळ प्रदेशाचा रहिवासी, सह्याद्रीचा नव्हे.

मुक्त वनात संकराची खरी समस्या कशी असते, हे पाहायचे तर आयर्लंडकडे वळावे लागते. पॉवर्सकोर्ट येथील जमीनदाराने १८६० च्या सुमारास जपानी सिका हरणे आणली. ती तांबड्या हरणांशी संकर पावली आणि विक्लोच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या मिश्र वंश पसरला. अनेक पिढ्यांनंतरचा संकरित प्राणी दिसण्यात शुद्ध सिकासारखाच असू शकतो. त्याचे मूळ केवळ जनुकीय परीक्षेनेच कळते. ही आपत्ती माणसाने परकी जात आणून सोडल्यामुळे ओढवली. सह्याद्रीतील जाती फार पूर्वीपासून एकत्र नांदत असल्याने येथील ‘संकर’ बहुधा वय, ऋतू किंवा लिंग यांमुळे वेगळा दिसणारा शुद्ध प्राणीच असतो.

जनुकीय परीक्षेने भेकराबद्दल मात्र एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांचा उपयोग करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भेकरांच्या तीन स्वतंत्र शाखा आढळल्या. त्यांपैकी एक पश्चिम घाट व श्रीलंका येथील असून ती उर्वरित आशियातील शाखांपासून फार पूर्वी विलग झालेली आहे. रिचर्ड लिडेकर यांनी १९१५ मध्ये दिलेले मलबारिकस हे नाव त्यामुळे पुन्हा चर्चेत आले. तिला स्वतंत्र जात मानावे की नाही, याविषयी वर्गीकरणकारांत मतभेद आहेत.

ओळखीचा प्रश्न न्यायालयातही उपस्थित होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पिसोरी व चौशिंगा यांना पहिल्या अनुसूचीचे कडक संरक्षण मिळाले, तर भेकर, सांबर व चितळ दीर्घकाळ तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी होईपर्यंत शिक्षेचे प्रमाण प्राण्याच्या जातीवर अवलंबून राहत असे. जप्त केलेल्या मांसावर ना ठिपके असतात, ना शिंगे. अशा वेळी पूर्वी केस व हाडे यांवरच भिस्त होती. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने मांसातील तंतुकणिकांच्या डीएनएवरून जात निश्चित करण्याची पद्धत विकसित केल्यापासून मांसाच्या लहानशा तुकड्यावरूनही ते भेकराचे की शेळीचे हे सांगता येऊ लागले.