अल्प-कार्बन ऊर्जा धोरण आणि संशोधन संस्थांचे योगदान

विकासासाठी पुरेशी वीज उपलब्ध करणे आणि त्याच वेळी कार्बन उत्सर्जन मर्यादित ठेवणे, हे राष्ट्रीय ऊर्जा धोरणापुढील मुख्य आव्हान आहे. या कामी संशोधन संस्थांनी केलेला अभ्यास भारतात धोरणकर्त्यांना उपयुक्त ठरला आहे.

सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत होणारे उत्सर्जन २०२० पर्यंत २००५ च्या पातळीपेक्षा २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००९ मध्ये जाहीर केले. त्याचा मार्ग सुचवण्यासाठी नियोजन आयोगाने २०१० मध्ये तज्ज्ञ गट नेमला. मुंबईतील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. किरीट पारीख हे या गटाचे अध्यक्ष होते.

गटाचा अंतिम अहवाल एप्रिल २०१४ मध्ये तयार झाला. गणिती प्रारूपाच्या आधारे त्यात २०३० पर्यंतच्या दोन मार्गांची तुलना करण्यात आली. सर्वसमावेशक विकास दोन्ही मार्गांत गृहीत होता. अल्प-कार्बन मार्ग स्वीकारल्यास २०३० मधील दरडोई उत्सर्जन ३.६ टनांऐवजी २.६ टन राहील, मात्र सरासरी विकासदर सुमारे ०.१५ टक्का बिंदूंनी घटेल, असे अहवालात नमूद करण्यात आले. निवडीची किंमत त्यामुळे आकड्यांत मांडली गेली.

प्रत्यक्ष पाहणीही तितकीच आवश्यक असते. केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने आयआयटी मुंबई येथे २०१० मध्ये राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र सुरू झाले. केंद्राच्या देशव्यापी पाहणीत उष्ण प्रदेशांतील सौर पट्ट्यांची क्षमता अधिक वेगाने घटत असल्याचे, तसेच छतांवरील लहान संचांची स्थिती मोठ्या प्रकल्पांपेक्षा निकृष्ट असल्याचे आढळले. गुणवत्तेचे निकष ठरवताना अशी माहिती मोलाची ठरते.

गणिती प्रारूपांना मर्यादाही असतात. त्यांचे निष्कर्ष गृहीतकांवर अवलंबून असतात. राष्ट्रीय सौर अभियानाच्या २०१० मधील पहिल्या लिलावात विजेचा दर प्रति युनिट दहा रुपयांहून अधिक होता. राजस्थानातील भाडला येथे मे २०१७ मध्ये तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. त्यामुळे अशा अभ्यासाचा वेळोवेळी फेरआढावा घेणे आवश्यक ठरते.

एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०३० पर्यंत ५० टक्के करण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्येच गाठले. तथापि, प्रत्यक्ष वीजनिर्मितीत निम्म्याहून अधिक वाटा अद्याप कोळशाचा आहे. वीज साठवण आणि पारेषण हे संशोधकांपुढील पुढचे प्रश्न आहेत.